दहाऐवजी सहा रविवार

कवळीवाल्या बाईंना घाई या प्रकाराचा मनापासून तिटकारा होता. तो काही वयामुळे आलेला चिडचिडेपणा नव्हता. घाईचं फळ त्यांनी कितीदा हातात धरून पाहिलं होतं. दातांची कवळी करताना गुलाबी हिरडीचा लगदा साच्यात दाबायचा, साचा आवळायचा, पातेल्यात ठेवायचा आणि पाणी अगदी मंद आचेवर तापवायचं. आच मोठी केली तर काम लवकर होतं, कवळी वरून चकाचक दिसते, पण आत बारीक बुडबुडे राहून जातात. मग एक दिवस ती गिऱ्हाइकाच्या तोंडात, घास चावता चावता, मधोमध तडकते. घाईचं काम माणसाला तोंडघशी पाडतं, असं बाई म्हणायच्या, आणि त्यांच्या धंद्यात ते अक्षरशः खरं होतं.

नवरा गेला तेव्हा मुलगा जेमतेम शाळेत जायला लागला होता. कोणाच्या तरी ओळखीने दातांच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत, प्लास्टर भिजवायचं काम मिळालं. तिथला जुना कारागीर तोंडाचा फटकळ, पण हाताने सोनं. त्याने बाईंना आधी साचे धुवायला दिले, मग मेण तापवायला, आणि शेवटी एक दिवस चिमटा हातात देऊन म्हणाला, "बसवा दात. चुकलात तर उकरू." बाई चुकल्या, त्याने उकरलं, बाईंनी परत बसवले. तो थकून घरी बसला तेव्हा त्याचं स्टूल बाईंकडे आलं आणि त्यावर अजून दुसरं कोणी बसलेलं नाही. आता त्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू बाईंच्या हातचं होतं. रस्त्यात कोणी हसून विचारपूस केली की बाई आधी त्याचे दात बघायच्या, ते नीट बसलेत अशी खात्री करून घ्यायच्या, आणि मग माणूस ओळखायच्या.

अशा या बाईंना राजे-राण्या, बोलते पक्षी आणि मंतरलेले दरवाजे असल्या गोष्टींचं वेड लागेल, असं कोणी म्हटलं असतं तर त्यांनीच त्याला वेड्यात काढलं असतं. ते वेड सुनेने लावलं. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मुलाची पाळी संध्याकाळची असायची. दोघी सासू-सुना एका खोलीत समोरासमोर, आणि बोलायला विषय नाही. एके संध्याकाळी सुनेने टीव्हीवर ‘अकरावा दरवाजा’ नावाची मालिका लावली. एक शहर, त्याला एकात एक असे अकरा दरवाजे. आत थोरली राणी, बाहेर शत्रू, आणि राणीने उचलून आणून वाढवलेली, पक्ष्यांची भाषा कळणारी एक पोर. दर पर्वात एक दरवाजा पडायचा. बाई मान खाली घालून भाजी निवडत होत्या. पडद्यावर म्हातारा राजा खदाखदा हसला, तशी त्यांनी मान वर केली.

"ह्याचे वरचे दोन दात पडलेत," त्या म्हणाल्या. "मग हा इतकं स्पष्ट कसं बोलतोय?"

"दात आहेत, आई. अंधार आहे म्हणून दिसत नाहीत."

"मला नको शिकवूस. दात हा माझा धंदा आहे."

पुढच्याच भागात राजा मेला, तोही तोंड मिटून, त्यामुळे वाद तसाच राहिला. तो भाग परत लावून बघू, असं दोघींपैकी एकीनेही कधी म्हटलं नाही. वाद मिटवायचा होता कोणाला?

पुढे मुलाचं आणि सुनेचं जमलं नाही. दोघंही भली माणसं. पण दोन भली माणसं एका खोलीत गप्प राहायला लागली की ती शांतता भांडणाहून वाईट. फारकत झाली. सून दोन बॅगा घेऊन गेली, डेपोच्या मागे एक खोली भाड्याने घेतली आणि डेपोतल्याच चौकशीच्या खिडकीत नोकरीला लागली. बाईंनी तेव्हा कोणाची बाजू घेतली नाही, आणि त्याचं त्यांना आजही वाईट वाटायचं. मग मालिकेचं नवं पर्व सुरू झालं त्या रविवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात सून.

"भाग आलाय," ती म्हणाली.

"मग दारात काय उभी?" बाई म्हणाल्या.

पहिले दोन रविवार तिने बाईंना कोणत्याच नावाने हाक मारली नाही. ‘आई’ म्हणायचा हक्क गेला होता आणि ‘काकू’ जिभेवर येत नव्हतं. तिसऱ्या रविवारी कुठल्याशा सेनापतीवरून वाद पेटला आणि ती एकदम ओरडली, "आई, तुम्ही काहीही बोलता हं!" बाई चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ गॅस न पेटवताच तिथे उभ्या राहिल्या.

हळूहळू आणखी दोघं येऊ लागले. एक खालच्या मजल्यावरचा औषधवाला आणि दुसरी समोरच्या दारातली, शाळेतून निवृत्त झालेली भूगोलबाई. भाग रविवारी सकाळी यायचा, पण बघायचा तो दुपारी, चौघांनी मिळून, हा नियम. औषधवाल्याने एकदा चोरून आधी बघितला आणि ऐन प्रसंगी "आता बघा गंमत!" म्हणून पकडला गेला. शिक्षा म्हणून ते अख्खं पर्व त्याने दाराजवळच्या मोडक्या खुर्चीवर, एका कुल्ल्यावर तोल सांभाळत काढलं.

मुलगा रविवारी दुपारी बाहेर जायचा. त्याला ते आवडत नव्हतं, पण मालिका संपेपर्यंत चालू दे, असं मायलेकांत न बोलता ठरलेलं होतं. बाईंनी हिशोब मांडला होता. सात पर्वांत सात दरवाजे पडले, अजून चार बाकी. म्हणजे चिंता नाही.

आणि मग बातमी आली की आठवं पर्व शेवटचं. तेही नेहमीसारखं दहा भागांचं नाही, सहाच भागांचं.

"चार दरवाजे सहा भागांत?" भूगोलबाई किंचाळल्या. "अहो, काय थट्टा आहे?"

बाईंनी बोटांवर रविवार मोजले. दरवाजे गेले खड्ड्यात. त्यांचे चार रविवार कोणीतरी परस्पर कापले होते.

त्याच सुमारास एका सकाळी मुलगा नाश्ता करता करता म्हणाला, "आई, मी लग्न करतोय." मुलगी त्याच्याच कारखान्यातली. बाईंना बरंच वाटलं. पोरगा दोन वर्षांत पहिल्यांदा डोळ्यात बघून बोलत होता. मग त्याने बशी बाजूला सारली. "पण रविवारचं आता बस झालं. मी हिला काय सांगू? आमच्याकडे माझी पहिली बायको दर आठवड्याला येते, आईशेजारी बसून सिरियल बघते?"

"ती माझ्याकडे येते."

"घर एकच आहे ना, आई?"

मुलगा वाईट असता तर सोपं झालं असतं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि ती नवी मुलगी तरी कशाला आपल्या संसारात जुनी सावली सोसेल? बाईंनी शब्द दिला. मालिका संपली की सुनेला यायचं बंद करायला सांगायचं, आणि सांगायचं ते आपण. शेवटच्या रविवारी मुलगा होणाऱ्या बायकोला घेऊन पाच वाजता घरी येणार. त्याआधी हे सगळं आटोपलेलं असायला हवं होतं.

तेव्हापासून बाई मालिकेच्या लेखकांवर अशा काही तुटून पडल्या की बाकीचे चकित झाले. पाचव्या भागानंतर तर रणच माजलं. त्या एका भागात तीन दरवाजे पडले होते.

"वाळवंट एका दृश्यात पार केलं!" भूगोलबाईंनी स्वतः काढलेला त्या राज्याचा नकाशा टेबलावर आपटला. "तिसऱ्या पर्वात याच वाळवंटात अख्खी फौज पाण्यावाचून तडफडत होती. आता काय, मध्ये रस्ता केला का यांनी?"

"आणि ते विष!" औषधवाला म्हणाला. "आधी तीन दिवसांनी चढायचं. आता घोट घेतला की माणूस आडवा. डोस बदलला का हो?"

"सात वर्षं नमनाला घडाभर तेल जाळलं आणि नाटक पाच मिनिटांत गुंडाळलं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "ह्यांना कुठली गाडी पकडायची होती? राणी त्या पोरीला पहिल्याच पर्वात म्हणाली होती, शेवटचा दरवाजा पडेल तेव्हा तुला एक गोष्ट सांगीन. ती गोष्ट सांगायला तरी वेळ ठेवलाय का? का तेही उरकणार?"

सून कपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, "मला वाटतं, संपवतायत ते बरंच करतायत."

तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"काय म्हणालीस?" बाईंनी विचारलं.

"नाहीतर काय, आई. ओढूनताणून किती चालवायचं? एखादी गोष्ट संपायची असेल तर संपू द्यावी. उगाच लांबवलं की त्यातली मजाही जाते."

औषधवाला हिरिरीने काहीतरी बोलायला लागला, पण बाईंना ऐकू आलं नाही. म्हणजे हिलाच कंटाळा आला होता तर. आपण इकडे रविवार मोजतोय आणि ही सुटकेची वाट बघतेय. त्यांनी कप उचलले आणि धुवायला नेले. सून नेहमीप्रमाणे पुसायला मागे आली, तर "राहू दे, मी करते," म्हणाल्या.

तो आठवडा वाईट गेला. बुधवारी बाईंनी एका निवृत्त गायकाची कवळी आचेवर ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा, विचारांच्या तंद्रीत, गॅस मोठा केला. साचा फोडला तर हिरडीत बुडबुडेच बुडबुडे. डॉक्टर नुसते कवळी उजेडात धरून बघत राहिले. बाईंनी ती टाकून दिली आणि पहिल्यापासून दात मेणात बसवायला घेतले. त्यांना स्वतःचाच राग आला. मुलाला दिलेला शब्द मोडायचा नव्हता, आणि तो पाळायचं धैर्यही होत नव्हतं.

शेवटचा रविवार उजाडला. मुलगा सकाळी बाहेर पडताना दारात थांबला. "पाचला येतो आम्ही. तू सांगशील ना?"

"दिलाय ना शब्द?"

तो गेला. बाईंनी खोली झाडली, खुर्च्या मांडल्या, मोडकी खुर्चीसुद्धा पुसली. मग टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. टीव्हीखाली इंटरनेटचा छोटा डबा होता, त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. बाईंनी दाराकडे एकदा पाहिलं, डब्याचा अडॅप्टर खटकन उपसला, दिवा विझला. मग त्यांनी वायर गुंडाळली आणि स्वयंपाकघरात गेल्या. भाग बघायलाच मिळाला नाही तर मालिका संपणार कशी? आणि मालिका संपली नाही तर सांगायचं कशाला? साठीच्या घरातली बाई, पण त्या क्षणी त्यांची अक्कल पहिलीतल्या पोरापलीकडे गेली नव्हती.

तीनच्या आधीच सगळे हजर. भूगोलबाईंनी नकाशा आणला होता. औषधवाल्याने नवा शर्ट घातला होता. सून शेवटी आली. तिचे डोळे जरा सुजल्यासारखे दिसत होते. "झोप झाली नाही नीट," ती म्हणाली. बाईंनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

औषधवाल्याने रिमोट दाबला. काहीच नाही. परत दाबला. मग तो गुडघ्यावर बसला. "अहो बाई, अडॅप्टर कुठाय?"

"असेल तिथेच," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"नाहीये ना!"

मग जी शोधाशोध सुरू झाली ती बघवेना. गाद्या उचलल्या, सोफा सरकवला, कपाटामागे टॉर्च मारला. भूगोलबाई म्हणाल्या, नेमका आजच कसा गेला? औषधवाला पळत खाली जाऊन आपल्या घरचा अडॅप्टर घेऊन आला, तर त्याची पिन बसेना. घड्याळ पुढे सरकत होतं. बाई मध्येच उगाच एखादी उशी उचलायच्या आणि परत ठेवायच्या. चोराच्या मनात चांदणं, अशी गत. त्यांना वाटत होतं, आता कोणीतरी वळेल आणि सरळ विचारेल.

"मी स्वयंपाकघरात बघते," सून म्हणाली.

बाई हातातली उशी टाकून वळल्या. "तिथे कशाला असेल?"

"चहा तरी टाकते," ती म्हणाली आणि आत गेली.

बाई कान देऊन ऐकत राहिल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आला. मग एका डब्याचं झाकण निघाल्याचा, आणि परत घट्ट बसल्याचा. या घरात जे काही लपवायचं असेल, कपाटाची किल्ली, सोन्याची साखळी, मुलाच्या लग्नाआधी आलेलं एखादं नको ते पत्र, ते तांदळाच्या डब्यात खोल जायचं. ही जागा बाहेरच्या कोणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.

सून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. "नाही सापडला," ती म्हणाली. आवाज एकदम साधा, चौकशीच्या खिडकीतून गाडीची वेळ सांगावी तसा. तिने बाईंच्या हातात कप दिला. तिच्या मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्यात तांदळाचे दोन दाणे अडकलेले होते.

बाईंनी ते पाहिले. सुनेने बाईंना पाहताना पाहिलं. कप बशीवर किणकिणला.

"मी सांगतो," औषधवाला म्हणाला, "माझ्याकडे चला सगळे. टीव्ही लहान आहे, पण चालेल. मला आता धीर नाही."

"चला, चला," भूगोलबाई नकाशा गुंडाळत उठल्या. "येताय ना बाई?"

"तुम्ही व्हा पुढे," सून म्हणाली. "आम्ही आवरून येतो."

ते दोघं पायऱ्यांवरच भांडायला लागले; आवाज खाली खाली जात विरला. खोलीत दोघी उरल्या. सोफा मध्येच आडवा पडलेला, उशा जमिनीवर. साडेचार होत आले होते.

"का लपवलात, आई?"

बाईंना हजार सबबी सुचल्या असत्या, पण त्यांची दातखीळ बसली होती. मग जे तोंडात आलं ते खरंच आलं. "तो लग्न करतोय."

"माहितीये मला. डेपोत कळतं सगळं. त्याच्या कारखान्याची बस तिथूनच सुटते."

"सिरियल संपली की तुला नको येऊस म्हणून सांगायचं, असा शब्द दिलाय मी त्याला. मला ते सांगता येईना. म्हणून," बाईंनी स्वयंपाकघराकडे हात केला. "म्हणून तांदळात."

सून हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. ती दाराजवळच्या मोडक्या खुर्चीवर जाऊन बसली. खुर्ची कलंडली, तिने भिंतीला हात टेकला.

"तिथे का बसलीस? नीट बस."

"माझी जागा आज हीच आहे. मी बघितलाय शेवटचा भाग. सकाळीच, एकटीने."

"चोरून?" बाई सगळं विसरून म्हणाल्या. "नियम मोडलास?"

"लग्नाचं कळलं तेव्हाच ओळखलं मी, सिरियल संपली की तुम्ही सांगणार. म्हटलं, आधीच बघून घ्यावा, रडायचं ते घरी रडून घ्यावं. म्हणजे इथे तुमच्यासमोर रडू येणार नाही. मागच्या रविवारीसुद्धा तेवढ्यासाठीच म्हणाले, संपू द्यावं म्हणून. तुम्हाला सांगायला सोपं जावं. तर तुम्ही कपसुद्धा पुसू दिले नाहीत मला."

बाईंनी डोळे पुसले. आठवडाभराचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याजागी नुसती लाज उरली. आपण हिला काय समजलो! त्या समोर जमिनीवरच बसल्या, उशीवर. मग बाईंनी न राहवून विचारलं, "राणी सांगते का गं ती गोष्ट? त्या पोरीला?"

"सांगते. पण आवाज बंद करून दाखवलंय. नुसतं संगीत. तिचे ओठ हलताना दिसतात, पोरगी रडते, आणि लगेच पाटी येते, ‘दहा वर्षांनंतर’."

"काय?" बाई अर्ध्या उठल्या. "सात वर्षं थांबवलं आणि आवाज बंद? काय सांगितलं तेच नाही?"

"तेच नाही. बाहेर लोकांचं तेच चाललंय सकाळपासून. कोणी म्हणतं राज्य दिलं, कोणी म्हणतं माफी मागितली."

"लबाड लेकाचे! लिहिता आलं नाही म्हणून ढोल वाजवले!" बाईंचे गाल लाल झाले होते. "ओठ दिसतात म्हणालीस ना? मग मी सांगीन काय बोलली ते. ओठ कसे हलतात ते बघूनच दात बसवते मी."

सून आता मात्र हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनी तिचा हात धरला. पट्ट्यातले दाणे त्यांच्या बोटाला टोचले.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "त्या राणीचं मरू दे. मी बोलते ते ऐक. तुमचं मोडलं तेव्हा मी गप्प बसले, ते चुकलं माझं. सून म्हणून तू गेलीस, ते कागदावर झालं. पण मला तू लागतेस. मला सवय झालीय म्हणून नाही गं. तू लागतेस, बस्स."

सुनेने बाईंचा हात आणखी घट्ट धरला.

खाली फाटक वाजलं. पायऱ्यांवर दोन जोडी पावलं. सून घाबरून उठली, खुर्ची मागे आपटली. "मी मागच्या जिन्याने जाते."

"मागच्या जिन्याने चोर जातात," बाई म्हणाल्या. "थांब जरा."

त्या स्वयंपाकघरात गेल्या, तांदळात कोपरापर्यंत हात घातला आणि अडॅप्टर काढला. तोवर मुलगा दारात आला होता. मागे ती नवी मुलगी, हातात फुलं, नजर घरभर फिरणारी. मुलाने आडवा सोफा पाहिला, उशा पाहिल्या, मग भिंतीला टेकून उभी असलेली पहिली बायको पाहिली. त्याचा चेहरा उतरला.

"आई," तो हळूच म्हणाला, "सांगितलं नाहीस का तू?"

"सांगितलं. जे सांगायचं होतं ते सगळं सांगितलं." बाईंनी अडॅप्टर फुंकून त्याच्या तळहातावर ठेवला. मग नव्या मुलीच्या गालावर हात ठेवला. "ये गं बाई, हे तुझं घर. हिची आणि तुझी गाठ या घरात परत पडणार नाही, हा माझा शब्द, आणि मी शब्द पाळते. चहा झालाय, गरम करून घ्या. मी संध्याकाळी येईन जेवायच्या वेळेला." मग त्या चपला शोधायला लागल्या.

"पण तू कुठे निघालीस?"

"हिच्या खोलीवर. खालच्या दोघांना धीर नव्हता, त्यांचा अर्धा बघून झालाही असेल. माझा शेवटचा भाग बघायचा राहिलाय."

"म्हणजे आज संपेल?" मुलाने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, फक्त दमणूक होती, आणि थोडी आशा.

बाईंनी एक चप्पल घातली, दुसरीत पाय घालता घालता त्या सुनेच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या.

"आज हा संपेल. पुढच्या रविवारी तिथेच आम्ही पहिल्या पर्वाचा पहिला भाग लावणार आहोत," त्या म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्या राजाला दात होते का नव्हते, ते मला बघायचंय."

"होते," सून म्हणाली.

"नव्हते," बाई म्हणाल्या, आणि दोघी जिना उतरायला लागल्या.